सिनेमातला पेला आणि द्राक्षाची बाग

शेती खात्याच्या माणसाने सिनेमावर लिहावे, आणि तेही वाइनच्या सिनेमावर, याचे काही वाचकांना नवल वाटेल. एखाद्याला रागही येईल. पण विषय अखेर द्राक्षाचा आहे, आणि द्राक्ष म्हटले की नाशिक, सांगली, सोलापूर, पुण्याकडच्या बागाईतदारांचा त्याच्याशी संबंध आलाच.

अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, सिनेमाच्या शौकिनांची एक रीत आहे. महिन्या-पंधरा दिवसांनी पाच-दहा मित्रमंडळी कुणा एकाच्या घरी जमतात. बायका-पुरुष सगळे असतात. येताना प्रत्येकजण आपल्या आवडीच्या वाइनची एक बाटली घेऊन येतो. मग गेल्या महिन्यात कुणी कोणता सिनेमा पाहिला, त्यात काय आवडले, काय फसले, हे एकीकडे चालते, आणि कोणाची बाटली कशी निघाली हे दुसरीकडे. माझा एक भाचा नोकरीनिमित्त तिकडे राहतो. तो अशा बैठकांना जातो. त्यानेच मला फोनवर सांगितले, “मामा, तुमच्या द्राक्षांवरचे सिनेमे आहेत, ते बघा.” मी वाइन घेत नाही, पण सिनेमाचा शौक मला जत्रेतल्या तंबूपासून आहे. त्याने सुचवलेले तीनही बोलपट मी रात्री जागून पाहिले. दोनदा पाहिले. पहिल्यांदा गोष्टीसाठी आणि दुसऱ्यांदा बागांसाठी.

त्यातल्या एका बोलपटाने तिकडच्या द्राक्षाच्या भावात उलथापालथ केली. ती हकीगत आपल्या बागाईतदारांनी ऐकण्यासारखी आहे.

मास्तर आणि मर्लो

२००४ साली ‘साइडवेज’ नावाचा बोलपट अमेरिकेत लागला. दिग्दर्शक अलेक्झांडर पेन. रेक्स पिकेट यांच्या कादंबरीवरून तो घेतला आहे, आणि त्या रूपांतराच्या पटकथेला ऑस्कर पारितोषिकही मिळाले. गोष्ट साधी आहे. माइल्स नावाचा एक शाळामास्तर. बायकोने काडीमोड घेतलेला, लिहिलेली कादंबरी कुणी छापत नाही. त्याचा मित्र जॅक हा नट. जॅकचे लग्न आठवड्यावर आलेले. तत्पूर्वी दोघे मोटारीने कॅलिफोर्नियातल्या सांता इनेज खोऱ्यात द्राक्षबागा पाहत आणि वाइन चाखत हिंडतात. जॅक नको ते उद्योग करतो, माइल्स आपल्या दुःखात आणि पेल्यात बुडालेला. तमाशापट नाही, मारामारी नाही, तरी माणूस शेवटपर्यंत बसून राहतो.

या माइल्सला पिनो न्वार या द्राक्षाच्या वाइनचे वेड, आणि मर्लो या द्राक्षाचा तिटकारा. एके ठिकाणी दोन बायकांबरोबर जेवायला जायचे असते. आत शिरण्यापूर्वी तो मित्राला शिवी हासडून बजावतो की, कुणी मर्लो मागवली तर आपण उठून जाऊ. बस्स, एवढेच. थिएटरात लोक खदखदून हसले. आणि त्या हसण्याचा आवाज मर्लोच्या बागाईतदारांच्या कानांपर्यंत गेला.

दुसरा प्रसंग याच्या उलट. माया नावाची एक समजूतदार बाई त्याला विचारते की पिनोत तुला एवढे काय दिसते? तेव्हा हा मास्तर गंभीर होऊन सांगू लागतो की, हे द्राक्ष पातळ सालीचे, नाजूक, लवकर पिकणारे, सारखी निगा मागणारे. जगाच्या थोड्याच कोपऱ्यांत येणारे. तो द्राक्षाबद्दल बोलतो आहे की स्वतःबद्दल, असा प्रश्न पडतो. सिनेमातला हा सर्वांत चांगला प्रसंग, आणि शेतकी दृष्टीनेही त्यात फारशी खोट नाही. पिनोचा घड लहान आणि गच्च असतो. मणी एकमेकांना चिकटून, त्यामुळे पावसात आत पाणी अडकले की कूज धरते. कोंब लवकर फुटतात, म्हणून वसंतातल्या थंडीच्या कडाक्यात सापडतात. उष्ण हवेत साखर झपाट्याने चढते आणि वास, आंबटपणा निघून जातो. सांता इनेज खोऱ्यातले डोंगर समुद्रकिनाऱ्याला समांतर नसून पूर्व-पश्चिम गेलेले आहेत. त्यामुळे पॅसिफिक महासागराचे धुके आणि गार वारा सरळ खोऱ्यात शिरतो. पिनोला तेच मानवते.

बोलपट गाजला आणि दुकानातून पिनो न्वारला मागणी वाढली. मर्लोची, विशेषतः दहा डॉलरच्या आतल्या स्वस्त बाटल्यांची, विक्री मंदावली. सोनोमा येथील विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांनी दुकानांतल्या विक्रीचे आकडे तपासून २००९ साली हे मांडले. मात्र त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती लोक विसरतात. महागड्या, चांगल्या मर्लोला फारसा धक्का बसला नाही. मार खाल्ला तो हलक्या मालाने.

आधी दूरदर्शन, मग सिनेमा

याचे मूळ आधीचे आहे. १९९१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात असे सांगण्यात आले की, फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी, आणि त्याचे कारण कदाचित तांबडी वाइन असावी. झाले! तांबड्या वाइनवर उड्या पडल्या. आता नवख्या माणसाला तुरट वाइन सोसत नाही. मर्लो मऊ, गोलसर, घशाखाली सहज उतरणारी. उच्चारायलाही सोपी. तेव्हा सर्वांनी मर्लो मागवायला सुरुवात केली, आणि जो तो मर्लो लावू लागला. ऐंशीच्या दशकात काही हजार एकरांवर असलेले हे द्राक्ष २००० सालाच्या सुमारास कॅलिफोर्नियात पन्नास हजार एकरांच्या आसपास गेले. चांगल्या जमिनीत लागले तसे नको त्या जमिनीतही लागले. सपाट, काळ्या, भरपूर पाण्याच्या रानात एकरी टनावर टन काढले. अशा मालाची वाइन पाणचट होणारच. मास्तरने शिवी दिली ती या मर्लोला. लोक हसले, कारण तशी बाटली त्यांनी स्वतः चाखलेली होती.

(त्या हृदयविकाराच्या गोष्टीबद्दल येथेच सांगून टाकतो. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा वाइन म्हणजे औषध, असे कुणी घरी येऊन सांगू लागला तर त्याचे ऐकू नये.)

पुढे पिनोचेही तेच झाले. बारा-तेरा वर्षांत कॅलिफोर्नियातले पिनो न्वारचे उत्पादन अडीच पटींच्या वर गेले. इतके धुक्याचे रान आणायचे कोठून? तेव्हा राज्याच्या मधल्या मोठ्या खोऱ्यात, जेथे उन्हाळ्यात आपल्या जळगावसारखे ऊन पडते, तेथेही पिनोची लागवड झाली. तिकडच्या नियमाप्रमाणे बाटलीवर एका द्राक्षाचे नाव छापायला त्या द्राक्षाचे ७५ टक्के प्रमाण पुरते. उरलेल्या पंचविसात दुसरे काही घालून रंग आणि अंग भरून काढता येते. म्हणजे हौसेने पिनो मागवणाऱ्या सिनेरसिकाच्या पेल्यात चौथा हिस्सा दुसऱ्याच द्राक्षाचा असू शकतो.

फ्रान्सच्या दक्षिणेत तर याच्याही पुढे मजल गेली. अमेरिकेत पिनोला उठाव आहे असे पाहून तेथल्या काही उत्पादकांनी आणि व्यापाऱ्यांनी २००६ ते २००८ या काळात पिनो न्वार म्हणून जी वाइन पाठवली, ती प्रत्यक्षात बरीचशी मर्लो आणि सिराची होती! एक कोटी ऐंशी लाख बाटल्या भरतील एवढी. त्या मुलखात पिनो पिकतच होते केवढे, आणि विकले जात होते केवढे, याचा हिशेब बसेना. दरही बाजारापेक्षा कमी. तपासनिसांनी वह्या उघडल्या. २०१० च्या फेब्रुवारीत कार्कासोन येथील न्यायालयाने बाराजणांना दोषी ठरवून दंड केले आणि स्थगित तुरुंगवासाच्या शिक्षा दिल्या. मर्लोला नाक मुरडणाऱ्या लोकांनी मर्लो पिऊन वाहवा केली, आणि त्यांना पत्ता लागला नाही.

खुद्द सिनेमातही असाच एक चिमटा आहे. माइल्सने एक जुनी बाटली जिवापाड जपलेली असते. १९६१ सालची ‘शव्हाल ब्लाँ’, फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातली. शेवटी तो ती एका वडा-पाव छाप हॉटेलात, वापरून फेकायच्या पेल्यातून, एकटाच पितो. ही वाइन कशाची? काबर्ने फ्राँ आणि मर्लो यांची! जाणकार प्रेक्षक या ठिकाणी हसतात, बाकीचे हळहळतात.

१९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ लागला, तेव्हा माधुरी दीक्षितची जांभळी साडी लग्नसराईत किती गाजली, हे आपल्या भगिनींना आठवत असेल. कापडवाल्याने पंधरा दिवसांत जांभळ्या साड्या मागवल्या, आणि हौस सरली तेव्हा उरलेल्या सवलतीत काढल्या. त्याचा धंदा त्यावर निभावला. द्राक्षाचे तसे नाही. नवी बाग लावली तर धड पीक यायला तीन वर्षे. उभ्या बागेचे डोके उडवून दुसऱ्या जातीचे कलम केले, तरी एक-दोन हंगाम हातचे जातात. सिनेमा उतरून जातो, बैठकीतली मंडळी दुसऱ्या बाटलीकडे वळतात, आणि बागाईतदाराचा वेल तेव्हा कोठे मांडवावर चढत असतो.

ढगातली बाग

दुसरा बोलपट १९९५ चा, ‘अ वॉक इन द क्लाउड्स’. मूळ १९४२ च्या एका इटालियन बोलपटावरून घेतलेला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेला एक तरुण शिपाई, आता चॉकलेट विकणारा. त्याला वाटेत नापा खोऱ्यातल्या एका मेक्सिकन घराण्याची मुलगी भेटते. ती लग्नावाचून गरोदर आहे आणि बापाला घाबरते आहे. हा तिचा नवरा म्हणून तिच्या घरी जातो. आजोबांच्या कामात अँथनी क्विन आहे. त्याच्यासाठी तरी बघावा. एकत्र कुटुंब, कडक बाप, मऊ आजोबा, काढणीच्या दिवसांतले गाणे-बजावणे, हौदात बायांनी द्राक्षे तुडवणे. आपल्या घरातली माणसे त्यात ओळखू येतात.

शेतीच्या बाबतीत मात्र लेखकाने पुष्कळ मोकळीक घेतली आहे. काढणी तोंडावर आली असताना रात्री कडाक्याच्या थंडीचा इशारा येतो. सगळे घर मळ्यात धावते, शेगड्या पेटवल्या जातात आणि माणसे पाठीला पाखरासारखे मोठे पंख बांधून उबदार हवा वेलींवर ढकलतात. दृश्य डोळ्यांत भरून राहते. पण नापात थंडीचे भय असते ते वसंतात, कोंब फुटण्याच्या वेळी. काढणीच्या सुमारास नव्हे. बाकी तत्त्व खोटे नाही. शांत रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरचा थर त्यापेक्षा उबदार राहतो. दोन्ही हवा ढवळल्या तर वेल वाचतो. त्यासाठी तिकडे बागेत उंच खांबावर मोठाले पंखे बसवतात. आपल्याकडे निफाडला पारा उतरतो तेव्हा आपण शेकोट्या करून धूर धरतो आणि रात्री पाणी देतो, त्याचीच ही मोठी आवृत्ती.

शेवटी बाप दारूच्या नशेत कंदील फेकतो आणि अख्खी बाग वाळल्या गवतासारखी पेटते. हिरवी, पाणी दिलेली बाग अशी भडाभडा जळत नाही. मग नायकाला मूळपुरुषाने आणलेल्या पहिल्या वेलीचे खोड सापडते. ते आतून जिवंत निघते आणि त्यावरून पुन्हा बाग उभी राहणार, असे दाखवले आहे. डोळे पाणावतात, हे कबूल. पण वेल स्वतःच्या मुळावर असेल तरच हे खरे. आपल्या डॉग्रिज खुंटावरच्या बागेत कलमाच्या जोडाखालून फुटवा आला तर तो डॉग्रिजचाच येणार. त्याला थॉमसनचा घड लागायचा नाही.

तिसरा बोलपट २००८ चा ‘बॉटल शॉक’. १९७६ च्या मे महिन्यात स्टीव्हन स्पुरिए या इंग्रज व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांना बाटल्या झाकून वाइन चाखायला दिल्या. नामांकित फ्रेंच वाइन बाजूला पडल्या आणि पांढऱ्या आणि तांबड्या दोन्हींत कॅलिफोर्निया पहिली आली. पांढऱ्यात शातो मॉन्टेलिना यांची १९७३ ची शार्दने. हीच या बोलपटाची गोष्ट. बाप-लेकाचे भांडण, कर्ज, वाइनचा रंग अचानक तपकिरी होणे आणि पुन्हा निवळणे, सगळे मसालेदार करून दाखवले आहे. पण ज्यांनी ती वाइन आपल्या हाताने केली ते मूळचे क्रोएशियाचे माइक गर्गिच पडद्यावर जवळजवळ दिसतच नाहीत. आणि द्राक्षे? त्यांतली पुष्कळशी नापा खोऱ्यातली नव्हतीच; मोठा वाटा शेजारच्या सोनोमा जिल्ह्यातल्या बाचिगालुपी कुटुंबाच्या बागेतला. जिंकलेल्या बाटल्या वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. माल ज्यांनी पिकवला त्यांचे नाव बोलपटाच्या गोष्टीत येत नाही. वाचकहो, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

आपल्याकडे

आपल्या नाशिक भागात २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर वाइनच्या द्राक्षांची लागवड झपाट्याने वाढली. शिराझ, काबर्ने, शेनिन ब्लाँ ही नावे चावडीवर ऐकू येऊ लागली. करार झाले, रोपे आली. औषधाचा खर्च कमी, जिबरेलिकमध्ये घड बुडवायला नकोत, विरळणीच्या मजुरीची कटकट कमी. माणसे खूश होती. २००८-०९ मध्ये जागतिक मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेले ओस पडली, आणि बाटल्यांचा उठाव थांबला. टाक्या भरलेल्या. कारखानदारांनी माल उचलायला हात आखडता घेतला, कुणाचे पैसे अडकले.

माझ्या कार्यक्षेत्रात एका बागाईतदाराची अडीच एकर शिराझ त्या हंगामात झाडावरच राहिली. मी गेलो तेव्हा घरच्या माउली ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “साहेब, नातवाच्या हातावर घड ठेवला तर तो बिया थुंकतोय. बाजारात नेला तर बाया हात लावत नाहीत. असलं कसलं पीक, जे घरातही चालत नाही आणि दारातही?” मला यापेक्षा नेमके सांगता आले नसते. थॉमसन किंवा तास-ए-गणेश निर्यातीला नापास झाली तर शहरात जाते, तिथे पडली तर बेदाण्याला जाते. वाइनच्या द्राक्षाला एकच दार, आणि ते आतून बंद होते. मण्याची साल जाड, आत बिया, आकार बोराच्या बीएवढा. बेदाणाही धड होत नाही.

त्यांनी पुढच्या छाटणीला खोड कापून वरती थॉमसनचे कलम बांधले. पुष्कळांनी तसेच केले. काहींनी तग धरला आणि पुढे त्यांना बरा भाव मिळाला, हेही सांगितले पाहिजे. आज नाशिकच्या वाइनचे नाव देशभर आहे. म्हणून वाइनची द्राक्षे लावू नका, असे मी कुणाला सांगत नाही. विचारायला येतो त्याला एवढेच विचारतो की, करार किती वर्षांचा? साखर किती भरली पाहिजे ते लिहिले आहे का? ती मोजणार कोण, तुमच्यासमोर की पाठीमागे? माल नाकारला तर काय? आणि सगळ्या रानात हेच, की अर्ध्यात दुसरे काही?

कॅलिफोर्नियात तरी काय वेगळे आहे! तिकडे आता लोकांचे पिणेच कमी होऊ लागले आहे. २०२४ च्या हंगामात कितीतरी द्राक्षे वेलीवरच राहिली आणि हजारो एकर बागा यंत्रांनी उपटल्या गेल्या. त्यांत मर्लो होती, आणि सगळ्यांची लाडकी पिनोही होती.

हे बोलपट कुणाला पाहायचे झालेच तर एक सूचना. ‘साइडवेज’ पोरासोरांसमोर लावण्याजोगा नाही. मोठ्यांनी निजानीज झाल्यावर पाहावा. ‘बॉटल शॉक’ तरुण मुलांना आवडेल. ‘अ वॉक इन द क्लाउड्स’ आजी-आजोबांसकट सगळ्यांनी बसून पाहावा. आणि जळक्या खोडातून पुन्हा बाग कशी उभी राहिली असे मुलांनी विचारले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बागेत नेऊन कलमाचा जोड दाखवावा.